कापलेली नस जोडली आहे, तरी करंगळी बधिर का? मनगटातील अल्नर चेतेविषयी प्रश्न

प्रश्न : चौकटकार (सांगली)

नमस्कार. तसबिरींना चौकटी आणि काचा बसवून देण्याचे माझे छोटे दुकान आहे. दहा आठवड्यांपूर्वी काच कापताना मोठा तुकडा निसटला आणि उजव्या मनगटावर, तळहाताच्या बाजूने करंगळीच्या रेषेत खोल जखम झाली. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्जच्या कागदावर अल्नर नर्व्ह, अल्नर धमनी आणि एक स्नायुबंध कापला गेल्याचे व तिन्ही जोडल्याचे लिहिले आहे. तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. आता जखम पूर्ण भरली असून व्रण तेवढा उरला आहे.

तरीही करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर आहे. मी दुकानाचे वायरिंग स्वतः केलेले आहे. तुटलेल्या वायरची दोन टोके नीट जोडली की दिवा लगेच लागतो. नस जोडून दहा आठवडे झाले असतील, तर बोटाला संवेदना का येत नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे. सर्जनांनी सहा महिने ते वर्षभर धीर धरायला सांगितले, पण ओपीडीतील गर्दीमुळे कारण विचारायचे राहून गेले.

शिवाय मला काही गोष्टींचा उलगडा होत नाही. करंगळीची तळहाताकडची बाजू बधिर असली, तरी तिच्या पाठीवर स्पर्श बऱ्यापैकी कळतो. मूठ वळते, पण बोटे एकमेकांपासून फाकवता येत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरलेला कागद कोणी ओढला तर तो सहज निसटतो, आणि धरून ठेवायला गेलो की अंगठा आपोआप पेरात वाकतो. अंगठ्याला तर काहीच इजा झालेली नव्हती. व्रणापासून साधारण चार सेंटीमीटर पुढे तळहातावर बोटाने टकटक केली, की करंगळीत झिणझिणी उठते. ही बिघाडाची खूण असावी अशी मला धास्ती वाटते. घरी आणखी एक गोष्ट लक्षात आली. काचा धुऊन झाल्यावर माझी बाकीची बोटे सुरकुततात, करंगळी मात्र गुळगुळीत आणि कोरडी राहते. याचा नसेशी काही संबंध आहे का?

उत्तर : शरीररचना_शिक्षिका

आपण निरीक्षणे फार नेमकी लिहिली आहेत. आपल्या हाताची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे उपचारांचा निर्णय आपल्या सर्जनांचाच राहील. मात्र आपल्याला दिसत असलेल्या प्रत्येक गोष्टीचे कारण सांगता येते.

आधी शब्दाची गल्लत दूर करते. बोलताना आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, स्नायूच्या टोकाच्या दोरीला नस म्हणतो आणि चेतेलाही (नर्व्हलाही) नसच म्हणतो. आपल्या मनगटात या तिन्ही ‘नसा’ कापल्या गेल्या. त्यांपैकी धमनी ही नळी आहे आणि स्नायुबंध ही दोरी आहे, त्यामुळे जोडल्यावर त्या काही आठवड्यांत कामाला लागतात. चेता या दोन्हींहून निराळी आहे आणि वायरची उपमा तिला लागू पडत नाही.

मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. त्यांच्यापासून निघून सर्व शरीरभर पसरणाऱ्या चेतांची मिळून परिघीय चेतासंस्था होते. तिच्यात मेंदूतून निघणाऱ्या कर्परचेतांच्या १२ आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या मेरुचेतांच्या ३१ जोड्या येतात. मानेतून निघणाऱ्या शेवटच्या चार मेरुचेता आणि छातीच्या भागातील पहिली मेरुचेता मानेच्या मुळाशी व काखेत एकमेकींत गुंफल्या जाऊन एक जाळे तयार होते. हाताच्या सर्व मुख्य चेता याच जाळ्यातून निघतात. अल्नर चेता त्याच्या खालच्या भागातून निघते, दंडाच्या आतल्या बाजूने उतरते, कोपराच्या हाडामागच्या खाचेतून जाते (कोपर आपटल्यावर ‘करंट बसतो’ तो इथेच) आणि मनगटातून तळहातात शिरते.

आता आपला मुख्य प्रश्न. आपल्या मनगटात जे कापले गेले, ते हजारो पेशींचे लांबट हात होते. स्नायूंना आदेश देणाऱ्या पेशींचे मुख्य भाग मानेतील मेरुरज्जूत आहेत आणि संवेदना आणणाऱ्या पेशींचे मुख्य भाग मेरुरज्जूला लागून असलेल्या छोट्या गाठींमध्ये आहेत. तिथून निघालेला असा एकेक लांबट हात, म्हणजे अक्षतंतू, अखंडपणे बोटाच्या टोकापर्यंत पोचतो. तो पाऊण मीटरहून लांब आणि केसाहून कितीतरी बारीक असतो. त्याला लागणारी प्रथिने मुख्यतः मानेजवळच तयार होतात आणि आतूनच बोटापर्यंत वाहून नेली जातात. म्हणून तंतू मनगटात तुटला, की पलीकडचा भाग आपल्या पेशीपासून तुटतो आणि काही दिवसांत विरून जातो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता कापून हे दाखवून दिले आणि या ऱ्हासाला आजही त्यांचेच नाव आहे. सर्जन चेता जोडतात तेव्हा पलीकडच्या तुकड्यातील अक्षतंतू वाचवण्याचा त्यांचा हेतूच नसतो, कारण ते नष्ट होणारच असतात.

मग सर्जन जोडतात काय? चेतेच्या आत तंतूंच्या जुड्या असतात. प्रत्येक जुडीभोवती एक आवरण आणि संपूर्ण चेतेभोवती दुसरे, जाडसर आवरण असते. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने सहसा हे बाहेरचे आवरण शिवले जाते. टोके पीळ न पडता समोरासमोर यावीत म्हणून आवरणावरची बारीक रक्तवाहिनी आणि आतील जुड्यांची मांडणी पाहून ती जुळवतात. आत जुन्या तंतूंच्या रिकाम्या नळ्या आणि त्यांना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी शिल्लक असतात. एरवी या पेशी तंतूवर मायलिनचे वेष्टण चढवतात. या वेष्टणाच्या ठरावीक अंतरावरच्या फटींवरून संदेश जणू उड्या मारत जातो, म्हणूनच हाताच्या चेतेतील वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो. तंतू तुटल्यावर याच पेशी आपले काम बदलतात. त्या मोडतोड साफ करू लागतात, रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला पोषक द्रव्ये सोडतात. वरच्या टोकातून फुटलेले नवे अंकुर या रांगांच्या आधाराने पुढे सरकतात. त्यांचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण तीन सेंटीमीटर असतो, आणि त्याआधी जोड ओलांडण्यात तीन-चार आठवडे जातात.

आता आपणच हिशेब करून पाहा. सत्तर दिवसांतून चार आठवडे वजा केले तर बेचाळीस दिवस, म्हणजे जवळपास चार सेंटीमीटर उरतात. आपल्याला झिणझिणी उठते ती जागाही व्रणापासून चार सेंटीमीटरवरच आहे. नव्या अंकुरांची टोके अजून उघडी आणि संवेदनशील असतात, त्यामुळे त्यांच्यावर टकटक केली की ती करंगळीतच झाल्यासारखी वाटते. ज्युल्स टिनेल यांनी पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या तपासणीतून १९१५ मध्ये ही खूण वर्णन केली. ती जागा पुढे सरकत असेल तर तंतू पुढे सरकत आहेत. तेव्हा ज्या खुणेची आपल्याला धास्ती वाटली, तीच सध्या सर्वांत आश्वासक आहे.

करंगळीची पाठ बधिर नाही, कारण त्या भागाकडे जाणारी शाखा मनगटाच्या पाच-सहा सेंटीमीटर वरच मुख्य चेतेपासून वेगळी होते आणि जखम तिच्या खाली झाली. मूठ वळते, कारण बोटे मिटवणारे लांब स्नायू कोपराखालच्या भागात आहेत आणि त्यांच्या चेतांच्या शाखाही तिथेच फुटतात. बोटे फाकवणारे आणि जवळ आणणारे छोटे स्नायू मात्र तळहातातच आहेत आणि ते जवळजवळ सर्व अल्नर चेतेवर अवलंबून आहेत. अंगठ्याला तर्जनीकडे ओढणारा स्नायूही त्यांतच येतो. तो थांबल्यामुळे आपला हात दुसऱ्या चेतेवरच्या, अंगठा पेरात वाकवणाऱ्या स्नायूला कामाला लावतो, म्हणून कागद धरताना अंगठा वाकतो. यालाही १९१५ मध्येच फ्रोमां या फ्रेंच वैद्यांचे नाव मिळाले.

सुरकुत्यांच्या निरीक्षणाने मला विशेष आनंद झाला. पाण्यात बोटे सुरकुततात ती केवळ कातडी भिजून फुगते म्हणून नव्हे. स्वायत्त चेतासंस्थेचे अनुकंपी तंतू बोटाच्या गादीतील रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आतला भाग आटतो आणि वरची त्वचा दुमडते. घर्मग्रंथींनाही अनुकंपी तंतूच आदेश देतात. म्हणजे आपल्या एका चेतेत आदेश नेणारे प्रेरक तंतू, स्पर्श आणणारे संवेदी तंतू आणि आपल्या इच्छेवाचून चालणारे स्वायत्त तंतू एकत्र होते आणि ते सर्व एकाच वेळी कापले गेले. पुस्तकात या तीन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर येतात. आपल्याला त्या एकाच बोटावर दिसत आहेत.

उत्तर : हात_उपचार (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे)

मॅडमनी कारणे सांगितली आहेत, म्हणून मी फक्त या मधल्या काळाविषयी लिहिते. चेता वाढवण्याचा वेग आपल्या हातात नाही, पण ती पोचेपर्यंत हात सुस्थितीत ठेवणे आपल्याच हातात आहे, आणि माझ्या अनुभवात बरेचसे नुकसान या मधल्या काळातच होते.

काकांचा व्यवसाय काचेचा आहे, म्हणून आग्रहाने सांगते की बधिर बोटाला वेदनेचा पहारा नसतो. काचेची कपची रुतली किंवा तापलेल्या भांड्याला बोट टेकले तरी हात मागे घेण्याची बुद्धी होत नाही, कारण चटका जाणवण्याआधीच हात मागे खेचणारी प्रतिक्षिप्त क्रियासुद्धा संवेदी तंतूंपासूनच सुरू होते. रोज रात्री उजेडात करंगळी आणि तळहाताची कड डोळ्यांनी तपासावी. त्वचा घामाअभावी कोरडी पडून तिला भेगा जातात, म्हणून हात थोडा वेळ पाण्यात ठेवून, टिपून, वर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. करंगळी आणि अनामिका मुळाशी मागे आणि पेरांत आत अशी वाकडी होऊ लागली असेल, तर त्यासाठी स्प्लिंट, म्हणजे बोटांना आधार देणारी पट्टी, मिळते. एकदा सांधे आखडले, तर पुढे चेता पोचूनही बोट सरळ होत नाही. तळहातातील स्नायूंनाही मुदत असते. साधारण वर्ष-दीड वर्ष चेतेविना राहिलेल्या स्नायूची जागा तंतुमय ऊतक घेऊ लागते. आपली जखम मनगटाजवळची असल्याने अंतर कमी आहे, ही जमेची बाजू समजावी. हीच जखम काखेत झाली असती तर याच वेगाने तळहात गाठायला दोन वर्षे लागली असती.

संवेदना परतेल तेव्हा ती पूर्वीसारखी नसेल, हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या टप्प्यावर बरेच जण घाबरतात. हेन्री हेड या इंग्रज चेतातज्ज्ञांनी एप्रिल १९०३ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताच्या दोन संवेदी चेता मुद्दाम कापून पुन्हा जोडून घेतली आणि त्यांचे सहकारी रिव्हर्स यांच्याबरोबर संवेदना परतण्याचा प्रवास केंब्रिजमध्ये कित्येक वर्षे नोंदवला. आधी टोचणे आणि थंड-गरम कळू लागले, पण ते पसरट, अप्रिय आणि नेमकी जागा न सांगता येणारे होते. हलका, नेमका स्पर्श फार उशिरा आला. त्यांनी यावरून मांडलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही, पण निरीक्षणाचा हा क्रम आम्हाला रोज रुग्णांमध्ये दिसतो.

याचे एक कारण असे, की काही तंतू चुकीच्या नळीत शिरतात. स्नायूच्या वाटेला लागलेला संवेदी तंतू वाया जातो, आणि करंगळीच्या टोकाचा तंतू पेराला पोचला तर मेंदूला चुकीचा पत्ता मिळतो. मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतात. बोटाच्या टोकाला हालता स्पर्श कळू लागला की एका वाटीत तांदूळ, एकीत राजगिरा आणि एकीत कापूस घ्यावा. आधी डोळ्यांनी पाहत, मग डोळे मिटून, मग पुन्हा पाहत, असे दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे करावे. हे काम बालिश वाटते, पण ते टाळणारे आणि नियमाने करणारे यांच्या हातांत वर्षभराने मोठा फरक दिसतो.

चौकटकार

दोघींचेही मनापासून आभार. मॅडमचे उत्तर वाचून काल कोमट पाण्याच्या पातेल्यात वीस मिनिटे हात बुडवून बसलो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट नेहमीसारखे सुरकुतले आणि करंगळी गुळगुळीत राहिली. अनामिकेने मात्र मला थक्क केले. तिच्या गादीच्या मधोमध कोणी रेघ मारावी तसे झाले होते. मधल्या बोटाकडचा अर्धा भाग सुरकुतलेला आणि करंगळीकडचा अर्धा भाग सपाट होता. एका बोटाच्या दोन बाजू दोन वेगळ्या चेतांच्या ताब्यात असतात हे मला माहीत नव्हते. आता झिणझिणीच्या जागेवर दर रविवारी पेनाने खूण करून तारखेसह मोजमाप वहीत लिहीत आहे.

उत्तर : निवृत्त_अवैद्यकीय_सहायक (चंद्रपूर)

अनामिकेचे वर्णन वाचून राहवले नाही. मी कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामात गावोगाव फिरलो आहे आणि अल्नर चेतेशी माझी ओळख तिथलीच आहे. काच कापते तसे इथे काही घडत नाही. कुष्ठरोगाचा जंतू, जो हॅन्सन यांनी नॉर्वेत १८७३ मध्ये शोधला, वर मॅडमनी सांगितलेल्या श्वान पेशींमध्येच घर करतो. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून जिथे चेता त्वचेलगत येतात तिथे तो बळावतो. त्यात कोपराची आतली बाजू, गुडघ्याखालची बाहेरची बाजू, घोट्याची आतली बाजू आणि कानामागून मानेवर येणारी चेता, या जागा मुख्य आहेत.

आमच्याकडे तपासणीला यंत्र नसे. रुग्णाचा कोपर किंचित वाकवून हाडामागे बोट फिरवायचे आणि अल्नर चेता दोरीसारखी जाड लागते का, दाबल्यावर दुखते का, ते दोन्ही हातांची तुलना करून पाहायचे. चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचे, कारण दुखणारी चेता तोंडाआधी चेहरा सांगतो. मग डोळे मिटवून बॉलपेनचे टोक तळहातावर ठरावीक जागी टेकवायचे आणि रुग्णाने त्या जागी बोट ठेवायचे. शेवटी ताकद पाहायची. करंगळी बाहेर काढली जाते का ते अल्नर चेतेसाठी, अंगठा तळहातापासून वर उभा राहतो का ते मीडियन चेतेसाठी आणि मनगट वर उचलते का ते रेडियल चेतेसाठी. तीन हालचालींत हाताच्या तीन मुख्य चेतांची खबर मिळते.

हे लिहिण्याचे कारण असे, की १९८२ पासून बहुविध औषधोपचार आल्यामुळे जंतू मरतो, परंतु चेतेची हानी आपोआप भरून येत नाही. जंतूविरुद्धच्या शरीराच्या प्रतिक्रियेने चेतेला सूज येते आणि कधी कधी काहीही न दुखता हात दुबळा होत जातो. त्या वेळी काही महिन्यांच्या आत स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले तर चेता वाचू शकते. मी असे हात पाहिले आहेत, की ज्यांना एक महिना आधी कोणी करंगळी बाहेर काढायला सांगितली असती तर ते वाचले असते. वाचणाऱ्यांपैकी कोणाला जखम न होता करंगळी बधिर वाटत असेल, किंवा अंगावर न खाजणारा, बधिर, फिकट चट्टा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तिथे औषधे मोफत मिळतात. मधुमेहात बधिरपणा याउलट पायांच्या बोटांपासून सुरू होतो, कारण तिथवर जाणारे तंतू सर्वांत लांब असतात.

प्रश्न : बीपीटी_दुसरे_वर्ष (फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम)

मॅडम, हातातील चेता वाढते, मग मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णाचे तंतू का वाढत नाहीत? पेशी तर त्याच आहेत.

उत्तर : शरीररचना_शिक्षिका

प्रश्नातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. पेशी त्याच, पण शेजारी वेगळे असतात. मेरुरज्जूत श्वान पेशी नसतात. तिथे मायलिन चढवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यांच्या मायलिनमध्ये वाढ रोखणारे घटक असतात. मोडतोड फार सावकाश साफ होते आणि इजेच्या जागी व्रण तयार होतो, तोही वाट अडवतो. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या प्रजातीतील प्राण्यांत परिघीय चेतेचा तुकडा मेरुरज्जूला पूल म्हणून जोडला, तेव्हा एरवी न वाढणारे मध्यवर्ती तंतू त्या पुलातून कित्येक मिलिमीटर वाढले. पलीकडे पुन्हा मेरुरज्जूत शिरताच ते थबकले. म्हणजे वाढण्याची क्षमता तंतूत काही अंशी असते, पण तिला साथ देणारी जागा लागते. वयाप्रमाणे पेशीची स्वतःची वाढण्याची शक्तीही घटते, तेव्हा सारा दोष शेजाऱ्यांवर टाकता येणार नाही.

परीक्षेसाठी एक लक्षात ठेवा. कर्परचेतांच्या १२ जोड्या आपण परिघीय संस्थेत मोजतो, परंतु दृक्चेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता) रचनेने मेंदूचाच भाग आहे. तिच्यावर श्वान पेशींचे मायलिन नसते, आणि म्हणूनच ती तुटली तर ती अल्नर चेतेसारखी पुन्हा वाढत नाही.

चौकटकार

आज सोळा आठवडे झाले. वहीतल्या नोंदींप्रमाणे झिणझिणीची खूण व्रणापासून आठ सेंटीमीटरवर, म्हणजे करंगळीच्या मुळाशी पोचली आहे. तळहाताच्या त्या कडेला सुई टोचली तर कळते, पण हेन्री हेड यांच्याविषयी ताईंनी लिहिले तसेच ते पसरट आणि नकोसे वाटते. कापूस फिरवलेला अजून कळत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या मधला स्नायू आटून पाठीमागे जो खळगा पडला आहे, तो तसाच आहे. कागद अजूनही निसटतो. स्प्लिंट मिळाले आहे आणि काच कापायचे काम सध्या पुतण्या करतो. मी चौकटी जुळवतो.